पुराचा निरोप : आकड्यापासून उंबऱ्यापर्यंत

कोल्हापुरात पंचगंगेवरील जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामात माशांच्या आकृती कोरलेल्या आहेत. पावसाळ्यात नदी फुगत फुगत या माशांपर्यंत पोहोचली की शहरभर एकच वाक्य फिरते, ‘मच्छिंद्री झाली!’ ज्या काळी नदीची उंची मोजून ती घरोघरी कळविणारी यंत्रणा नव्हती, त्या काळी हे दोन शब्द पुरेसे होते. नदीकाठच्या घरांतील जनावरे सुटत, धान्याची पोती माळ्यावर चढत, सखल भागातील दुकानदार माल हलवू लागत. पाणी किती फूट आहे हे कोणी विचारीत नसे. दगडातील मासा बुडाला म्हणजे कोणती गल्ली पुढे बुडणार, हे पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेले होते. पलीकडे नृसिंहवाडीस दत्तमंदिरातील दक्षिणद्वाराचा सोहळा भाविकांसाठी पर्वणी असतो. पण आसपासच्या गावांना नदी कुठवर आली याची तीच वर्दीही असते.

आज परिस्थिती फार सुधारली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ हेच आकडे अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहेत. पावसाळ्यात ही पातळी तासातासाला भ्रमणध्वनीवर येते. कोयना धरणात किती टीएमसी पाणी साठले, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, अलमट्टीतून किती क्युसेक विसर्ग चालू आहे, हे सारे सातवीतील मुलगाही सांगतो. माहितीची टंचाई उरलेली नाही. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांचे जे झाले, ते माहिती हाताशी असताना झाले. आपत्तीतील नेतृत्व आणि संवाद यांचा विचार येथूनच सुरू करणे योग्य ठरते.

त्या ऑगस्टची हकीकत व्यापारी वाचकांना नव्याने सांगावी लागणार नाही. अनेकांनी ती सोसली आहे. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि मालमोटारींच्या रांगा दिवसचे दिवस उभ्या राहिल्या. सांगलीत गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड या भागांत पाणी शिरले. तेथील जुन्या पेढ्यांना पूर नवा नव्हता. २००५ साली कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५३ फुटांच्या वर गेली होती, तेव्हाची पाण्याची खूण अनेक दुकानांच्या भिंतींवर होती. काहींनी ती रंगाने जपली होती, काहींच्या मनात ती पक्की होती. त्यामुळे पाणी चढू लागताच जाणत्या व्यापाऱ्यांनी जे शहाणपणाचे वाटते तेच केले. माल त्या खुणेच्या वर फूटभर, दीड फूट चढविला, पोत्यांच्या थप्प्या फळ्यांवर रचल्या, दप्तर माळ्यावर ठेवले आणि शटर ओढून ते घरी गेले. पाणी मात्र ५७ फुटांच्याही वर गेले. जुन्या खुणेवर जवळजवळ चार फूट पाणी होते. साखर विरघळली, डाळी फुगून कुजल्या, कापडाच्या गाठी चिखलात बसल्या. ज्या माळ्यावर भरवसा होता, त्या माळ्यावरील खातेवह्यांचाही लगदा झाला.

हा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. अनुभव हा व्यापाराचा पाया आहे. ज्याने २००५ पाहिले, त्याने २००५ च्या मापाने तयारी केली. दोष असेल तर तो असा, की ‘या वेळी जुनी खूण विसरा’ हे त्यास वेळेवर, त्याच्या विश्वासातील माणसाने, त्याच्या भाषेत सांगितले नाही. हवामानाचा इशारा होता, विसर्गाचे आकडे होते. पण ‘अतिवृष्टीची शक्यता’ आणि ‘तुमच्या माळ्यावरही पाणी येईल’ यांत केवढे अंतर आहे! हे अंतर भरून काढणे हेच आपत्तीतील संवादाचे काम आहे आणि ते अंगावर घेण्याची तयारी असणे हे नेतृत्वाचे.

आकड्यांचेच पाहू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर पाणी. एक लाख क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू राहिला तर साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी नदीत उतरते. कोयनेची एकूण साठवण १०५ टीएमसीच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. धरणाच्या नियंत्रणकक्षातील अभियंत्यास हा हिशेब तोंडपाठ असतो. दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसास मात्र तो परका आहे, आणि तो परका असण्यात काही गैर नाही. अभियंत्याला तरी अडतीचा आणि कडत्याचा हिशेब कुठे ठाऊक असतो? प्रश्न असा, की या दोघांच्या मध्ये कोण उभे राहते. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि तेथून सांगलीस पोहोचण्यास बरेच तास लागतात. हे तास म्हणजे हाती असलेले भांडवल. ते ‘परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’ अशा वाक्यांत खर्च झाले की परत मिळत नाही.

जुन्या काळची दवंडी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. कोतवाल हलगी वाजवीत चावडीपासून निघे आणि मोजके बोले : कोणाचा हुकूम, कोणासाठी, केव्हा, कोठे जायचे. ‘वरच्या आळीच्या लोकांनी आज दिवस मावळायच्या आत गुरे घेऊन देवळाच्या माळावर जावे’ असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरत नसे. जो वरच्या आळीत राहत नाही तो निर्धास्त होई, जो राहतो तो उठे. आजच्या सूचनांत नेमकी हीच गोष्ट हरवते. ‘सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य घ्या. सखल भाग कोणता? सतर्क राहणे म्हणजे जागे राहणे की घर सोडणे? आपले घर सखल आहे असे कोणालाच वाटत नाही. सखल असतो तो नेहमी शेजारचा वाडा.

सांगलीत नंतरच्या काळात आयर्विन पुलाजवळ पाणी अमुक फुटांवर गेले की कोणत्या वसाहतीत ते शिरते, याची क्षेत्रवार माहिती लोकांपुढे येऊ लागली. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर ही नावे आधी येतात, मग पुढची. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते. पण ज्या दिवशी फुटांचा आकडा गल्लीच्या नावात बदलला, त्या दिवशी आधुनिक मच्छिंद्री तयार झाली असे म्हणावे लागेल. प्रत्येक पेढीने आता आणखी एक पायरी खाली उतरायला हवे : आयर्विन पुलाजवळ किती फूट असता आपल्या उंबऱ्यास पाणी लागते, किती फुटांस माळा बुडतो, हे मोजून दुकानात लिहून ठेवणे. गवंड्याचे एक दिवसाचे काम आहे.

निर्णय लवकर घेणे हे दुसरे आणि अधिक कठीण अंग. लोकांना घरे सोडण्यास सांगितले आणि पाणी आले नाही, तर सांगणाऱ्याची टिंगल होते. दोन दिवस दुकाने बंद ठेवविली आणि पूर ओसरला, तर नुकसानीचे खापर त्याच्या माथी फुटते. सांगितले नाही आणि पाणी आले, तर मात्र ‘निसर्गापुढे कोणाचे काय चालते’ हे वाक्य सर्वांच्या मदतीस धावते. म्हणूनच बहुतेक अधिकारी, सरपंच आणि बाजारसमितीचे संचालक वाट पाहतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले आहे; अधिकार स्पष्ट आहेत. पण चुकीचा ठरण्याचे धैर्य कायद्याने येत नाही. व्यापाऱ्यास हे समजणे अवघड जाऊ नये. विम्याचा हप्ता भरताना वर्षभर आग लागली नाही म्हणून कोणी शोक करीत नाही. वेळेआधी दिलेला इशारा हा त्याच जातीचा खर्च आहे, आणि तो खोटा ठरल्यास इशारा देणाऱ्याची पाठ थोपटणारे चार प्रतिष्ठित लोक गावात असले, तर पुढच्या वेळी तो तोंड उघडण्यास कचरणार नाही.

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे उदाहरण बोलके आहे. १९८९ च्या पुरानंतर या गावासाठी सोनतळी येथे उंचावर पुनर्वसनाची जागा देण्यात आली. तरीही अनेकांचा संसार जुन्या गावातच राहिला. शेत जवळ, गोठा जवळ, पूर्वजांचे घर, सोडवत नाही. २०१९ मध्ये चिखली आणि शेजारच्या आंबेवाडीतील माणसांना बोटींतून काढावे लागले, जनावरांची हानी झाली. २०२१ च्या जुलैत पंचगंगेने २०१९ ची पातळीही किंचित ओलांडली, पण या वेळी पुष्कळ कुटुंबे जनावरांसह आधीच बाहेर पडली होती. नदी तीच, आकडे जवळजवळ तेच. बदलला होता तो निरोपावरचा विश्वास, आणि तो विश्वास दुर्दैवाने दोन वर्षांपूर्वीच्या दुःखातून आला होता.

व्यापारी समाजात विश्वासाला एक नेमका शब्द आहे, पत. हुंडीचा कागद स्वतः काही मोलाचा नसतो. ज्याची सही आहे त्याची पत असेल तर परमुलखातील पेढी तो कागद पाहताच रोकड मोजते. पत नसेल तर कितीही सुंदर अक्षरात लिहिलेली हुंडी परत येते. आपत्तीतील इशारा ही अशीच हुंडी आहे. ती पुराच्या रात्री लिहिली जाते, पण तिच्यामागची पत आधीच्या दहा वर्षांत कमावलेली असावी लागते. ज्या नगरसेवकाने गटाराची तक्रार कधी ऐकली नाही, त्याने रात्री दोन वाजता ‘घर सोडा’ म्हटले तर कोण उठेल? उलट गल्लीतील औषधविक्रेता, शाळेतील मुख्याध्यापिका, हमाल-तोलाईदारांचा मुकादम, दूधसंस्थेचा सचिव यांच्या एका हाकेवर माणसे चालू लागतात. कुशल जिल्हाधिकारी अशा माणसांची यादी पावसाळ्यापूर्वी करतो. आपला आवाज त्यांच्या तोंडून बोलविण्यात त्यास कमीपणा वाटत नाही.

पहिली बातमी देणाराही नेहमी अधिकारी नसतो. पुणे जिल्ह्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर कोसळून गाव गाडले गेले. बाहेरच्या जगाला ती वार्ता दिली एस.टी.च्या चालकाने. नेहमीप्रमाणे तो बस घेऊन आला आणि त्यास गावच दिसेना. त्याने जे पाहिले ते तसेच कळविले आणि यंत्रणा हलली.

निरोप पोहोचला, पण त्यामागे साधन उभे राहिले नाही, तर काय होते याचे स्मरण ब्रह्मनाळ करून देते. पलूस तालुक्यातील हे गाव कृष्णा आणि येरळा यांच्या संगमाजवळ आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पाण्याने वेढलेले ग्रामस्थ बाहेर पडण्यासाठी गावच्या नावेत बसले. नावेत माणसे अधिक झाली आणि ती उलटली. सतरा जण गेले. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. पाणी वाढत आहे हे त्यांना कळलेले होते. पुढची बोट केव्हा येणार, येणार की नाही, आधी कोणी बसायचे, हे सांगणारा आणि ज्याचे सारे ऐकतील असा माणूस त्या काठावर हवा होता. ‘दुसरी खेप नक्की येईल’ हा भरवसा असला तरच माणूस पहिल्या खेपेत बसण्याची धडपड सोडतो.

शब्दांनी जखमही होते. त्याच पुरात मदतीसंबंधीच्या एका शासननिर्णयात क्षेत्र दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात बुडालेले असल्यास प्रत्येक कुटुंबास दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ, अशी अट लिहिलेली होती. कार्यालयीन दृष्टीने ते जुन्या नियमांतील वाक्य असेल. छपरावर बसलेल्या माणसाने मात्र ते असे वाचले की, दोन दिवस बुडाल्याशिवाय धान्य नाही. संताप उसळला. पूरग्रस्त भागात बोटीतून फिरणाऱ्या एका मंत्र्यांची हसऱ्या चेहऱ्यांची चित्रफीतही त्याच दिवसांत घरोघर पोहोचली. त्या बोटीत बसलेल्यांनी दिवसभर कष्ट केले असतीलही, पण लोकांच्या स्मरणात ती चित्रफीतच राहिली. संकटात नेत्याचा चेहरा हादेखील एक निरोप असतो.

अफवेविषयी पुणेकरांची जुनी आठवण आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला धरण खचले आणि नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. त्यानंतर ‘पुन्हा पाणी आले’ अशी आवई उठली आणि उरलेसुरले लोक जिवाच्या आकांताने उंच जागेकडे धावत सुटले. पाणी आले नव्हते. पण आदल्या वेळी खरे वेळेवर कोणी सांगितले नव्हते, मग आता खोट्याची शहानिशा करण्यास कोण थांबणार? अफवा दंडुक्याने थांबत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने, वाईट बातमीही न लपविता सांगितली, तर अफवेस जागा उरत नाही. ‘पुढचा निरोप सहा वाजता’ असे सांगून सहाच्या ठोक्याला बोलणारा अधिकारी, सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी, बोलण्यातूनच शहर शांत ठेवतो.

नदी राज्याची सीमा मानीत नाही, त्यामुळे हा संवाद दोन राज्यांतही घडावा लागतो. २०१९ मध्ये अलमट्टीतून विसर्ग पाच लाख क्युसेकच्या वर गेला. तो आधीच वाढवायला हवा होता, ही भावना सांगलीत आजही तीव्र आहे. पुराच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीस मुख्य कारण मानले नाही, तरी लोकांची शंका मिटलेली नाही. जून २०२१ मध्ये तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची भेट घेतली आणि धरणांच्या पाण्याची माहिती परस्परांना तत्काळ देण्यावर चर्चा झाली. महिनाभरातच पुन्हा मोठा पूर आला.

पूर ओसरल्यावर व्यापारी समाजाचे खास कसब उपयोगी पडते, आणि येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रभरातून मदतीचा ओघ आला. त्यात जुन्या कपड्यांचे ढीग होते, जे चौकांत भिजत पडले. घराघरांतून गाळ उपसायला फावडी, घमेली, खराटे आणि जंतुनाशक हवे होते, जनावरांना चारा हवा होता, स्त्रियांना आरोग्याच्या वस्तू हव्या होत्या. ज्या घरात रोज मालाची मागणी नोंदविताना प्रत, वजन आणि पोहोचण्याची तारीख लिहिली जाते, त्याच घरातून मदत मात्र मागणीपत्राविना रवाना होते, हे आश्चर्यच. मदतीची गाडी भरण्यापूर्वी पूरग्रस्त गावातील एका जबाबदार माणसास ‘आज काय हवे आणि काय नको’ एवढे विचारले, तरी निम्मी गाडी वाचेल. ‘नको’ हा शब्द ऐकून घेण्याची सवय दात्यास लावावी लागते.

पेढीच्या आतही नेतृत्वाचा प्रश्न आहेच. मालक तीर्थयात्रेस गेलेले, मोठा मुलगा मुंबईस, दुकानात दिवाणजी आणि चार हमाल. अशा वेळी माल हलविण्याचा हुकूम कोण देणार? दिवाणजीस अधिकार नसतो आणि मालकाचा दूरध्वनी लागत नाही. हळद, गूळ, बेदाणा हलविण्यास मोटार, मजूर आणि उंच भागातील गोदाम लागते. पाणी ४० फुटांवर गेल्यावर शोधू लागले तर तिन्ही मिळत नाहीत, किंवा तिप्पट भावाने मिळतात. काही पेढ्यांनी आता ठरवूनच टाकले आहे : अमुक फुटांस दप्तर हलवायचे, अमुक फुटांस माल, आणि त्यापुढे एकही माणूस दुकानात थांबणार नाही. राखणीसाठी गडी मागे ठेवण्याची जुनी पद्धत तर कायमची बंद व्हायला हवी; पोत्यांच्या राखणीस माणसाचा जीव लावण्याचा अधिकार कोणत्याही मालकास नाही.

हरिपूरची हळदीची पेवे एके काळी सांगलीचे वैभव होती. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे करून हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या पुराने त्यांपैकी बरीचशी पेवे निकामी केली, आणि हळद आज बहुतांशी गोदामांत आणि शीतगृहांत ठेवली जाते.

२०२१ च्या जुलैत कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५५ फुटांच्या आसपास जाऊन थांबली. सांगलीच्या पेठांत पुन्हा पाणी आले, पुन्हा नुकसान झाले. पण या वेळी पाणी चढण्याच्या आधीच पुष्कळ दुकानांपुढे टेम्पो लागले होते. भिंतीवर आता तीन खुणा आहेत. सर्वांत वरची २०१९ ची, आणि तिच्याही वरची जागा यंदाच्या रंगसफेदीत काही जाणत्यांनी मोकळी सोडली आहे.